इंजिनाविना मोटारींची प्लास्टिक किट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत किटमधील म्हणजे पेटीतील सुट्या भागांपासून खऱ्या मोटारींच्या लहान प्लास्टिक प्रतिकृती जोडणारे लोक मोजकेच आहेत. तरीही त्यांच्याकडून आणि या छंदात नव्याने येणाऱ्यांकडून माझ्याकडे येणारे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत आणि पुढचे काही किट जोडून झालेल्यांसाठी आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन नसलेले किट म्हणजे नेमके काय? बॉनेट उघडतच नाही का?

नाही, उघडत नाही. अशा किटमध्ये मोटारीची बॉडी एकसंध ओतलेली असते. बॉनेट, दरवाजे आणि डिकी हे तिचेच भाग असतात आणि त्यांच्या कडा बारीक खोबणीने दाखवलेल्या असतात. आतील आसने, डॅशबोर्ड, सुकाणू, चाके, काचा आणि दिवे हे सर्व वेगळे भाग म्हणून येतात, पण बॉनेटखाली काहीच नसते. मोटार उलटी करून पाहिली, तर चेसिसच्या तळाशी इंजिनाचे चेंबर, गिअरबॉक्स आणि सायलेन्सर उठावात कोरलेले दिसतात, कारण खालून पाहणाऱ्याला तेवढेच दिसणार असते. अमेरिकेतील छांदिष्ट अशा मॉडेलला ‘कर्बसाइड’ म्हणतात. पदपथालगत उभी असलेली मोटार येणाऱ्या-जाणाऱ्याला जशी दिसते तशी, असा त्या शब्दाचा आशय आहे. भागांची संख्या साधारणपणे साठ ते शंभरच्या दरम्यान असते.

२. इंजिन नाही म्हणजे किट अर्धवट आहे, किंवा लहान मुलांसाठी आहे, असे समजायचे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि कोल्हापुरात तो विचारला जाणे स्वाभाविक आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्या आणि मशीन शॉप्समध्ये वाहनांचे सुटे भाग ओतण्यात व घडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना मोटारीचा जीव बॉनेटखाली असतो असे वाटणारच. माझ्या घरी आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा मॉडेल हातात घेतल्यावर प्रथम बॉनेट उचलू पाहतो.

तरीही माझे उत्तर ठाम आहे: हे किट अर्धवट नसते. दसऱ्याला दसरा चौकातील सोहळ्यासाठी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक तिची उंची, मडगार्डांचा वळसा, दिव्यांची ठेवण आणि रंग पाहतात. बॉनेट न उघडताही ती मोटार डोळ्यांत पूर्ण भरते. इंजिनाविना किट हेच पाहणे जपते. बॉडीचे प्रमाण, काचांचा कल, चाकांची बसण्याची पद्धत आणि रंगाचा पोत या चार गोष्टींवर त्याचे सारे यश अवलंबून असते.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. उघडणारे बॉनेट वेगळे ओतले, तर त्याच्या कडेची फट सर्वत्र सारखी राखणे फार कठीण जाते, आणि पुष्कळ चांगल्या मॉडेलांचे पुढचे तोंड त्यामुळे विसंगत दिसते. बॉनेट बॉडीतच असेल तर ही अडचण मुळात उद्भवत नाही. जपानच्या शिझुओका प्रांतातील टामिया, फुजिमी, आओशिमा आणि हासेगावा या कंपन्यांनी १/२४ प्रमाणातील बरीच किट्स याच पद्धतीने काढली आहेत, आणि ती प्रौढ छांदिष्टांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेली आहेत. अमेरिकेतील एएमटी, रेव्हेल व मोनोग्राम या कंपन्यांच्या परंपरेत मात्र इंजिन देण्याकडे कल अधिक राहिला.

३. १/२४, १/२५ आणि १/३२ यांत फरक काय? कोणते प्रमाण निवडावे?

१/२४ म्हणजे खऱ्या मोटारीच्या २४ मिलिमीटरसाठी मॉडेलवर एक मिलिमीटर. हे प्रमाण फूट-इंचाच्या हिशेबातून आले आहे: एका फुटासाठी अर्धा इंच. सुमारे ४.३ मीटर लांबीची अँबॅसॅडर या प्रमाणात १८ सेंटिमीटरची होईल, आणि सुमारे ३.३ मीटरची मारुती ८०० जेमतेम १४ सेंटिमीटरची. १/३२ मध्ये हीच अँबॅसॅडर साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास येते.

१/२४ आणि १/२५ यांतील फरक चार टक्क्यांचा आहे. चार मीटरच्या मोटारीसाठी तो जवळपास सात मिलिमीटर होतो. कपाटात शेजारी ठेवल्यावर तो सहसा खटकत नाही, पण एका किटचे भाग दुसऱ्यात बसवताना हमखास आडवा येतो (प्रश्न १३ पाहा). नवख्या माणसाने १/२४ घ्यावे, कारण पर्याय भरपूर असतात आणि भाग बोटांत नीट धरता येतात.

४. किटमध्ये इंजिन आहे की नाही, हे पेटी न उघडता कसे ओळखायचे?

पेटीच्या बाजूंवरील छायाचित्रे पाहावीत. इंजिन असेल तर कंपनी ते अभिमानाने दाखवते, कारण ती विक्रीची बाजू असते. एकाही चित्रात बॉनेट उघडे नसेल, तर बहुधा इंजिन नाही असे धरावे. झाकणावरील मुख्य रंगचित्रावर मात्र विसंबू नये. खात्रीचा मार्ग म्हणजे जोडणीच्या सूचनापत्रिकेची पाने पाहणे. बहुतेक किटांच्या पत्रिका इंटरनेटवर पाहायला मिळतात, आणि इंजिन असलेल्या किटमध्ये जोडणीची पहिली पायरी साधारणपणे इंजिनाचीच असते.

५. पहिले किट कोणते घ्यावे? मुलगा दहा वर्षांचा आहे.

गोंद आणि रंग यांची गरज नसलेले, भाग दाबून बसवण्याचे किट घ्यावे. आओशिमाच्या १/३२ प्रमाणातील अशा मालिकेत सुझुकी जिम्नी आहे. तिचे भाग मुळातच रंगीत प्लास्टिकमध्ये ओतलेले असतात आणि एका दुपारी मोटार उभी राहते. ही जिम्नी जपानमधील तीन दरवाजांची आहे. आपल्याकडे २०२३ पासून विकली गेलेली पाच दरवाजांची मोटार लांब आहे, त्यामुळे ‘आपल्या दारातली गाडी’ म्हणून मुलाला देणार असाल तर हा फरक आधी सांगून ठेवावा.

भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तीतून ते कापण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे, निदान पहिल्या वेळी. चौकटीजवळ पहिला काप आणि भागाजवळ दुसरा, असे दोनदा कापले की प्लास्टिकवर पांढरा डाग पडत नाही.

६. जपानी किट घ्यावे की अमेरिकी? सुकाणू कोणत्या बाजूला असते?

जपानमध्येही आपल्यासारखेच वाहन डावीकडून चालते. त्यामुळे जपानी मोटारींच्या जपानी किटमध्ये सुकाणू बहुधा उजवीकडे असते आणि आपल्या डोळ्यांना ते सरावाचे वाटते. अमेरिकी मोटारींचे सुकाणू डावीकडे. काही किटांत दोन्ही बाजूंचे डॅशबोर्ड दिलेले असतात. तेथे वायपरची दिशाही त्यानुसार बदलावी लागते, हे पुष्कळजण विसरतात.

आपल्या रस्त्यांवर पाहिलेल्या मोटारींपैकी मित्सुबिशी पाजेरो आणि टोयोटा लँड क्रूझर यांची किट्स जपानी कंपन्यांनी काढली आहेत. ओळखीची मोटार निवडल्यास रंग आणि ठेवण यांचा अंदाज लवकर येतो.

७. कोल्हापुरात काय मिळते आणि काय बाहेरून मागवावे लागते?

किट, मॉडेलसाठीचा पातळ गोंद आणि मॉडेलचे रंग हे बहुतांशी बाहेरून मागवावे लागतात. आयात खेळण्यांच्या ज्या गटात ही प्रमाणबद्ध मॉडेले मोडतात, त्यावरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले गेले, आणि किमती वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे. परदेशातून थेट मागवताना शुल्काचा चालू दर आधी पाहावा. रंग व गोंद ज्वलनशील असल्याने ते विमानाच्या टपालाने येत नाहीत, म्हणून किटबरोबर परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये. देशातील विक्रेत्याकडून रस्तामार्गे मागवावेत.

बाकीचे सामान गावातच आहे. वाहनांच्या रंगांच्या दुकानात १००० ते २००० क्रमांकाचा वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड आणि मास्किंग टेप मिळते. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिरांकडून तर पुष्कळ शिकता येते, कारण पाण्याने घासणे, थर चढवणे आणि शेवटी चमक आणणे हे त्यांचे रोजचेच काम आहे. त्यांचा रंग मात्र थेट प्लास्टिकवर मारू नये. त्यातील थिनर किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, खातो आणि बॉडीवर जाळीसारख्या भेगा उमटतात. आधी मॉडेलचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, लावावा, आणि तोही उरलेल्या चौकटीच्या तुकड्यावर पारखून.

८. फेविक्विक किंवा फेविकॉल चालेल का?

दोन्ही चालतात, पण आपापल्या जागी. मॉडेलचा पातळ गोंद खरे तर गोंद नसतोच. तो प्लास्टिकचे दोन पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, म्हणून त्याचा सांधा सर्वांत मजबूत होतो. पण तो फक्त उघड्या पॉलिस्टायरीनवर चालतो. क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर त्याचा उपयोग होत नाही. तेथे सांध्यापुरता मुलामा खरवडून काढावा. चाकांच्या आत बसणाऱ्या मऊ पॉलिथिनच्या टोप्यांना तो धरतच नाही, आणि धरूही नये, कारण चाक फिरावे म्हणूनच त्या दिलेल्या असतात.

फेविक्विक धातूच्या आणि रेझिनच्या भागांसाठी वापरावे. काचांजवळ ते कधीही नेऊ नये. त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढरी धुरकट साय धरते, आणि दमट हवेत ती अधिकच धरते. काचा बसवण्यासाठी फेविकॉल उत्तम: वाळल्यावर पारदर्शक होते, आणि चूक झाली तर ओल्या कापडाने पुसता येते.

९. बॉडीवर बारीक उठावाच्या रेषा आहेत. त्या खऱ्या मोटारीच्या समजायच्या की काढायच्या?

फाउंड्रीत काम केलेल्या वाचकांना हे उत्तर एका शब्दात कळेल: पार्टिंग लाइन. मोटारीची बॉडी पाच बाजूंनी आकार असलेली असल्याने तिचा साचा अनेक तुकड्यांचा असतो, आणि ते तुकडे जेथे भेटतात तेथे ही रेषा उमटते. ती बहुधा पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या माथ्यावरून व छताच्या खांबांवरून जाते. ती काढायचीच. रंग चढल्यावर, विशेषतः गडद चमकदार रंगात, ती दुरूनही दिसते. ब्लेड आडवे धरून खरवडावे आणि मग वॉटर पेपर फिरवावा. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे बहुधा आतल्या बाजूला असतात. आसनांच्या पाठी सोडल्यास त्यांची फिकीर करू नये.

याच्या अगदी उलट काळजी खोबणीच्या रेषांची घ्यावी लागते. बंद बॉनेटच्या मॉडेलमध्ये बॉनेट वेगळे आहे असा भास केवळ त्या खोबणीमुळे होतो. रंगाच्या तीन-चार थरांनी ती भरून गेली की मोटार साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. म्हणून प्रायमरच्या आधीच ब्लेडच्या बोथट पाठीने प्रत्येक खोबण हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढून खोल करावी. रंगकाम संपल्यावर तीत पातळ केलेला गडद एनॅमल रंग सोडून वरचा पुसून घ्यावा. बॉनेट व दरवाजांसाठी तो जवळजवळ काळा चालतो. पांढऱ्या मोटारीवर मात्र काळा अंगावर येतो, तेथे करडा घ्यावा. संपूर्ण किटमध्ये वेळ कोठे घालवावा असे कोणी विचारले, तर मी या खोबणींकडे बोट दाखवीन.

१०. पावसाळ्यात रंग मारता येतो का? माझी काळी मोटार दुधाळ झाली.

माझीही झाली होती, जुलैमध्येच. स्प्रेमधील थिनर वेगाने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओलावा त्यावर धरतो आणि ओल्या रंगात अडकून पांढुरकी छटा येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा जवळपास सतत दमट असते, म्हणून लॅकर आणि वरचा चमकदार थर यांची कामे मी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करतो आणि पावसाळ्यात आसने, चेसिस, डॅशबोर्ड असे हाताच्या ब्रशने रंगवण्याचे भाग उरकतो. थांबणे शक्य नसेल तर पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारी रंग मारावा आणि थर पातळ ठेवावेत.

दुधाळ झालेली बॉडी टाकून देऊ नये. कोरड्या दिवशी हळू सुकणाऱ्या थिनरचा अतिशय हलका फवारा दिल्यास अडकलेला ओलावा बऱ्याचदा निघून जातो. न गेल्यास वॉटर पेपरने घासून पुन्हा थर द्यावा. रंग मारताना वाफा गाळणारा मास्क घालावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वरच्या पारदर्शक चमकदार थरासाठीच्या, कडक होणाऱ्या दोन घटकांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक द्रव्य असते. योग्य मास्कशिवाय आणि घरात मुले असताना ते वापरूच नये.

११. मोटार पूर्ण झाली, पण पुढच्या जाळीतून आरपार दिसते. काय करावे?

इंजिनाविना किटमधील ही सर्वांत ठळक उणीव आहे आणि उपाय पाच मिनिटांचा आहे. जाळीच्या मागे काळ्या रंगाचा जाड कागद लावावा. जाळी मोठी असेल तर त्यावर बारीक आडव्या रेघा ओढून रेडिएटरचा भास करावा. चाकांच्या कमानींतूनही बॉनेटखालची रिकामी जागा दिसते, म्हणून बॉडीची आतली बाजू आणि कमानींचे आतले पृष्ठभाग मॅट काळ्या रंगाने रंगवावेत. हे बॉडी आणि चेसिस एकत्र करण्यापूर्वी करावे. नंतर ब्रश आत पोचत नाही.

१२. माझ्या काकांकडच्या जुन्या किटमध्ये इंजिन नाही, पण विजेची मोटर आणि बॅटरीची जागा आहे. ते याच प्रकारात येते का?

येते, आणि या प्रकाराच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे. पूर्वीची अनेक जपानी किट्स टेबलावर चालवण्यासाठी काढलेली होती. मोटर आणि बॅटरीला जागा हवी असल्याने इंजिन गाळले जाई, चेसिस सपाट राही आणि आतील आसनांचा भाग उथळ, पाण्याच्या परातीसारखा होई. आजच्या इंजिनाविना किटची चेसिस मात्र खऱ्या मोटारीचा तळ पाहून घडवलेली असते. जुने किट घेताना आसने गुडघ्यांपर्यंतच दिसतात की पूर्ण, हे पाहिले की फरक कळतो.

१९८२ पासूनच्या टामियाच्या छोट्या चारचाकी शर्यतीच्या मोटारी हा वेगळा खेळ आहे. त्या वेगासाठी असतात आणि बहुतेकांची बॉडी कोणत्याही खऱ्या मोटारीची प्रतिकृती नसते.

१३. बॉनेट कापून आत इंजिन बसवता येईल का?

येईल, पण पहिल्या पाच किटांत हा प्रयत्न करू नये. बॉनेटच्या खोबणीवर ब्लेडची पाठ शेकडो वेळा ओढत प्लास्टिक पातळ करून ते मोकळे करावे लागते, आणि मग इंजिनाची पेटी, बिजागरे, बॉनेटची आतली बाजू हे सारे स्वतः घडवावे लागते. दुसऱ्या किटमधील इंजिन आणायचे असल्यास दोन्हींचे प्रमाण एकच आहे याची खात्री करावी (प्रश्न ३ पाहा). काही लहान उत्पादक रेझिनचे सुटे इंजिन विकतात, पण त्याची किंमत कधीकधी मूळ किटच्या पुढे जाते. इंजिनच हवे असेल, तर इंजिन असलेले किट घेणे हाच प्रामाणिक सल्ला.

१४. मागच्या काचेतून इंजिन दिसणाऱ्या मोटारींचे काय?

येथे नियमाला अपवाद करावा लागतो. फेरारी एफ४० सारख्या मोटारीत मागच्या पारदर्शक झाकणातून इंजिन रस्त्यावर उभ्या माणसालाही दिसते, म्हणून तेथे काहीच न देणे हे बाह्यरूपाशीच विसंगत ठरेल. अशा मोटारींच्या सोप्या किटांत इंजिनाचा फक्त वरचा दिसणारा भाग, एका थाळीसारखा, दिलेला असतो. खाली काही नसते. माझ्या मते तो प्रकार इंजिनाविना किटातच धरावा.

१५. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे किट ‘इंजिन नसलेले’ म्हणायचे का?

बॉनेट बंद असेल तर म्हणावे. वर्गीकरण मॉडेलमध्ये बॉनेटखाली काही दाखवले आहे की नाही यावरून होते, खरी मोटार कशावर चालते यावरून होत नाही.

१६. इंजिन असलेल्या किटचे बॉनेट चिकटवून टाकले, तर स्पर्धेत ते कोणत्या गटात जाते?

इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. तिच्या अमेरिकी शाखेच्या स्पर्धांत अशा बंद मॉडेलांसाठी वेगळा गट असतो. मूळ किटमध्ये इंजिन होते की नव्हते यापेक्षा मांडलेले मॉडेल उघडे आहे की बंद, हे तेथे महत्त्वाचे ठरते. तपशील स्पर्धेगणिक बदलतात, म्हणून नियमपत्रिका वाचूनच नाव नोंदवावे. बंद मॉडेलांच्या गटात परीक्षकांची नजर चारही चाके टेकली आहेत का, पार्टिंग लाइन उरली आहे का आणि काचांवर गोंद आहे का, यांवर प्रथम जाते.

१७. मोटार उंच, ट्रॅक्टरसारखी दिसते. चूक माझी की किटची?

पुष्कळदा किटची. चाकाचा माथा आणि कमान यांतील मोकळी जागा खऱ्या मोटारीच्या छायाचित्राशी ताडून पाहावी. रंग चढवण्यापूर्वी बॉडी, चेसिस आणि चाके टेपने तात्पुरती जोडून हे पाहणे आवश्यक आहे. एक मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या मोटारीवर २४ मिलिमीटर, आणि तो डोळ्याला लगेच कळतो. आसाची जागा त्या मापाने वर सरकवली की मोटार बसते. एक चाक अधांतरी राहत असेल, तर मोटार काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून, चारही चाके टेकवून मगच सांधे वाळू द्यावेत.

१८. कपाटात ठेवलेल्या मोटारीच्या टायरांनी चाके वितळवली. असे का झाले?

काही टायरांच्या मऊ प्लास्टिकमधील मऊपणा आणणारे द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलेला असतो त्याला मऊ करते. जुन्या किटमध्ये पेटीतच टायर काचांना चिकटून त्यांवर कायमचा व्रण उमटलेला मी पाहिला आहे. म्हणून नवीन किट घरी आले की टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत. चाकांच्या कडांना, टायर चढवण्यापूर्वी, रंगाचा किंवा पातळ फॉइलचा थर द्यावा. तयार मॉडेल ठेवताना कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढावे, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी, आणि उन्हाळ्यात बंद मोटारीच्या मागच्या काचेजवळ मॉडेल ठेवून प्रवास करू नये. तेवढ्या तापलेल्या जागेत पातळ खांबांचे छत वाकते, आणि वाकलेले छत पुन्हा सरळ करता येत नाही.